बाबा लग्नाला नव्हते

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माहेरी निघाले की वसमतच्या आमच्या गल्लीतल्या बायका म्हणतात, मजा आहे बाई तुझी. काय डोंबलाची मजा. वारंगा फाट्याला उतरायचं, रसवंतीच्या सावलीत तासभर उभं राहायचं, मग काळीपिवळीत ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून गाव गाठायचं, आणि उंबऱ्यात पाय ठेवला की आईचं पहिलं वाक्य ऐकायचं, किती वाळलीस ग. लग्न झाल्यापासून माझं वजन फक्त वाढत आलेलं आहे. आईला ते दिसत नाही. पोरगी सासरहून आली म्हणजे ती वाळलेलीच असणार, हे तिनं ठरवूनच ठेवलेलं आहे.

गेल्या वर्षीचा तो आठवडा तर विचारूच नका. मी पोचायच्या आदल्या दिवशी वादळ येऊन गेलं होतं. पाऊस चार थेंब, पण वाऱ्यानं आमच्या पत्र्यावरच्या टीव्हीच्या छत्रीचं तोंड असं फिरवलं की ती आभाळाकडं बघायचं सोडून शेजारच्या गोठ्याकडं बघत बसली. मोबाइलचा टॉवर बंद पडला. त्याला नेमकं काय झालं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण जो तो दुसऱ्याला समजावून सांगत होता. रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या शिडीवर, आणि तीही अर्ध्यात चढलं की. त्यामुळं ज्याला बोलायचं तो शिडीवर, आणि बाकीचे खाली नंबर लावून त्याचं बोलणं ऐकत उभे. गावातली एक जमत आलेली सोयरीक त्या आठवड्यात शिडीवरच मोडली म्हणतात.

लाइट मात्र दुपारची असायची. म्हणजे कूलर चालू, टीव्ही चालू, आणि टीव्हीवर नुसता निळा पडदा. अंगणात शिजवलेली हळद वाळत पडलेली. सकाळ-संध्याकाळ ती खालवर करायची, एवढंच काय ते काम. मधली अख्खी दुपार अंगावर यायची. माझ्या मोबाइलमध्ये एक सिनेमा अर्धाच उतरलेला होता. त्यात नायिका रेल्वेच्या रुळावर बेशुद्ध पडते, गाडीची शिट्टी वाजते आणि तिथंच सिनेमा खलास. तेवढाच आम्ही दोन दिवस बघितला. आई दर वेळी तिला "उठ की ग माय" म्हणायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मरू दे मेलीला, दुसरं काही असंल तर लाव.

तेव्हा मला पर्समधला पेनड्राइव्ह आठवला. त्यात धाकट्या भावाच्या लग्नाचं शूटिंग होतं. लग्न होऊन वर्ष झालेलं. शूटिंगवाला वसमतचाच, माझ्या ओळखीचा, म्हणून त्याच्या मागं लागायचं काम घरच्यांनी माझ्याकडं दिलेलं. वर्षभर त्यानं मला फिरवलं. कधी कॉम्प्युटर बसला, कधी मिक्सिंग चालू आहे, कधी गाणी टाकायची राहिली. शेवटी मी गावाला निघाले त्या सकाळी त्याच्या दुकानासमोर पिशव्या ठेवून रस्त्यातच बसले, तेव्हा त्यानं तो पेनड्राइव्ह काढून दिला.

आमच्याकडं लग्नाचं शूटिंग म्हणजे साधी गोष्ट नसते. आधी पृथ्वी फिरत येते. ती फुटते. तिच्यातून गणपती निघतो. मग कुठल्याशा बर्फाच्या डोंगरावरून दोन हंस उडत येतात, एकावर माझा भाऊ, एकावर भावजय. भावाचं तोंड पासपोर्ट फोटोतलं, म्हणजे हंसावर बसलेला माणूस पोलीस भरतीला निघाल्यासारखा दिसतो. मग एक नारळ फुटतो आणि त्यातून लग्नाची पत्रिका बाहेर येते. एवढं होईपर्यंत चहा होऊन जातो. पुढं साडेतीन तास लग्न.

आणि गाणी. शूटिंगवाल्याकडं गाणी बरीच असतील, पण त्याची आवडती चारच होती. त्यातलं एक तर प्रेमात दगा खाल्लेल्या माणसाचं, हिंदी, रडकं, तूच माझं घर जाळलंस वगैरे. ते त्यानं ऐन हळदीला लावलेलं. भावाच्या अंगाला पाच सवाष्णी हळद लावतायत, तो लाजतोय, आणि मागं कोणीतरी गळा काढून सांगतंय की माझ्या प्रेताला खांदा द्यायला येऊ नकोस. कोणालाच काही वावगं वाटलं नाही. चाल चांगली आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी आई भाकरी थापताना तेच गुणगुणत होती आणि भावजय भांडी घासताना मागची तान घेत होती.

बातमी पसरायला टॉवर लागत नाही. दुसऱ्या दुपारी गल्लीतल्या साऱ्या बायका कूलरपुढं येऊन बसल्या. साडेतीन तासांचं शूटिंग रोज, पहिल्यापासून. प्रत्येकीला स्वतःला बघायचं असायचं आणि दुसरीला नावं ठेवायची असायची. शेजारची काकू एका ठिकाणी दोन्ही हातांनी जिलेबी खाताना सापडली होती. ती जागा आली की सगळ्या आधीपासूनच हसायला लागायच्या आणि काकू म्हणायची, बराबर हाय, भूक लागली व्हती. एक अनोळखी बुवा तर जागोजागी होता. पांढरा सदरा, हातात छत्री. ना आमचा, ना नवरीकडचा. तो बहुतेक दुसऱ्या लग्नाला निघालेला असणार. पण मांडवात, पंगतीत, पाया पडताना, बँडपुढं, सगळीकडं हा बुवा. चौथ्या दिवशी तो घरातल्यासारखाच वाटायला लागला.

दिसत नव्हते ते फक्त बाबा.

पहिल्या दिवशी बाबा धुतलेला सदरा घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीत टीव्हीच्या अगदी पुढं बसले. हंस उडाले तेव्हा खूश होते. हळद झाली, देवक झालं, वरात निघाली. "पुढं असंल," ते म्हणाले. मांडव झाला. "पुढं असंल." जेवणावळी आल्या आणि एकदम आई ओरडली, थांबव थांबव. पडद्यावर एक हात होता. कोपरापर्यंत बाही सारलेली, अंगठ्याचं नख काळं पडलेलं, कोणाच्या तरी ताटात बुंदी वाढणारा हात. आईनं नखावरून ओळखला. बाबांनी स्वतःचा अंगठा टीव्हीला लावून बघितला. बरोबर होता. साडेतीन तासांत बाबांचा तेवढा हात आलेला, आणि त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या.

हे असं का झालं, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याच्या घरी कार्य असतं तो माणूस आमच्याकडं बसत नाही. त्यानं मिरवायचं नसतं, धावायचं असतं. बाबा त्या दिवशी धावतच होते. मीठ संपलं, बाबा. बँडवाले रुसले, बाबा. आणि ऐन व्याहीभेटीला पाण्याचा टँकर फाट्याला अडकला म्हणून बाबा मोटारसायकलवर बसून टँकर आणायला गेले. भेट खोळंबायला नको म्हणून त्यांच्या जागी आमच्या चुलत काकांना उभं केलं. काका आणि बाबा शेताच्या बांधावरून कित्येक वर्षं बोलत नव्हते. भावकी म्हणून लग्नाला बोलावलं होतं आणि भावकी म्हणूनच ते आले होते.

तर पडद्यावर व्याहीभेट आली. गुलाबी फेटा बांधलेले काका नवरीच्या बापाला कडकडून भेटले. मागून सोनेरी अक्षरं फिरत फिरत आली आणि काकांच्या छातीवर येऊन थांबली. वरपिता.

बाबा उठले, सदरा काढून खुंटीला लावला आणि हळद खालवर करायला गेले. रणरणत्या उन्हात, भलत्याच वेळी.

मला वाटलं होतं रागावतील, शूटिंगवाल्याला चार शिव्या घालतील, संपेल. पण बाबांचा राग सरळ कधीच नसतो. दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या माणसानं सहज विचारलं, काय मग, पोराच्या लग्नाचा पिच्चर पाहिला का. बाबा शांतपणे म्हणाले, "मला काय ठाऊक. मी नव्हतो लग्नाला."

आणि तिथून ते सुरू झालं. हळद पॉलिश करणारा ड्रम कधी आणायचा हे विचारायला माणूस आला, तर बाबा म्हणाले, ह्या घरातलं वरपित्याला विचारा, तिकडं वडाच्या अलीकडं ऱ्हातो. तो बिचारा खरंच काकांकडं गेला. काकांनी त्याला हाकलून दिलं. टीव्हीची छत्री दुरुस्त करायची का, बियाणं कुठून आणायचं, दुपारी आमटी करायची की पिठलं, सगळ्याला एकच उत्तर, वरपित्याला विचारा. भावजयीनं चहा आणून दिला तर तिला अगदी अदबीनं विचारलं, पाहुणी कोन्या गावची. भावजय माझी खमकी. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, सेनगावकडची. बरं बरं, बाबा म्हणाले, इकडं कोनाकडं आलात?

आई वैतागली. हळद वाळून खडखडीत झाली आणि घरातला कर्ता माणूस म्हणतो मी ह्या घरचा पाहुणा. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, हा सगळा उद्योग तुझ्या त्या पेनड्राइव्हचा, आता तूच निस्तर. वर्षभर ज्या शूटिंगसाठी माझा जीव खाल्ला ते आणलं तर ते माझंच पाप.

पण खरं सांगते, दुपारी बायका जमल्या की बाबा पुन्हा येऊन बसायचे. रोज. बाहेर म्हणायचे मी लग्नाला नव्हतो, आणि आत साडेतीन तास डोळ्यांत तेल घालून शोधायचे की कुठंतरी, कोणाच्या तरी खांद्यामागं, आपण असू. वरात चालली की त्यांची मान लांब व्हायची. ते बघवत नव्हतं मला. ज्या बुवाला कोणी बोलावलं नाही तो छत्री घेऊन सगळीकडं आहे, आणि ज्यानं दिवसभर पायाला भिंगरी लावून लग्न पार पाडलं त्याचा नुसता बुंदीचा हात.

मग मी शिडी चढले. शूटिंगवाल्याला असं काही सुनावलं की खाली रांगेतल्या लोकांनी माना खाली घातल्या. पण तो थंड. म्हणाला, ताई, एवढं काय त्यात, पॅच मारू. पुन्हा तेच कपडे, तोच फेटा, तेच व्याही, अर्ध्या तासाचं काम. नवा तुकडा काढायचा आणि जुन्यात बसवायचा. कोणाला कळणार पण नाही.

हे अर्ध्या तासाचं काम ऐकून आमचं घर पुन्हा लग्नघर झालं. आईची पहिली शंका, मुंडावळ्या बांधायच्या का, आणि बांधल्या तर पुन्हा लग्न लागेल का. नवरी आता सातव्या महिन्यात. त्यावर बायकांची दुपारभर बैठक झाली. शेवटी ठरलं की अक्षता नाहीत, मंगलाष्टकं नाहीत, नवरानवरी नाहीतच, फक्त व्याहीभेट. भाऊ व्याह्यांना फोन करायला शिडीवर गेला. त्यानं एवढंच सांगितलं की उद्या लग्नाचे कपडे घालून ताबडतोब आमच्याकडं या, आणि रेंज गेली.

दुसऱ्या दिवशी व्याही आणि विहीणबाई सेनगावहून जीप करून आले ते रडत. जावई दुसरं लग्न करतोय अशीच त्यांची समजूत झालेली. विहीणबाईंनी उतरल्या उतरल्या भावाला असं काही झापलं की तो तासभर गोठ्यातून बाहेर आला नाही. खरं काय ते सांगितल्यावर व्याही खाटेवर टेकले. मग म्हणाले, ह्याच्यापरीस दुसरं लग्न समजायला सोपं व्हतं. तरी पाहुणा चांगला. तयार झाला. पण त्यांच्या मिशा नव्हत्या. घरात मधे मयत झालं होतं, तेव्हा काढलेल्या, त्या अजून नीट आलेल्या नव्हत्या. शूटिंगमध्ये तर त्यांच्या मिशा ह्या कानापासून त्या कानापर्यंत. वसमतहून आलेल्या शूटिंगवाल्यानं थोडा विचार केला आणि काजळ मागितलं.

राहिला फेटा. मागच्या-पुढच्या तुकड्याशी रंग जुळायला तोच गुलाबी फेटा पाहिजे, असं शूटिंगवाल्याचं म्हणणं, आणि तो काकांकडं. बाबा म्हणाले, मी त्याच्या दारात जाणार नाही. भाऊ म्हणाला मी जातो, तर बाबा म्हणाले, गेलास तर मी पुन्हा लग्नाला नाही. सगळं तिथंच अडलं. व्याही काजळाच्या मिशा घेऊन खाटेवर बसलेले, घाम येऊ नये म्हणून विहीणबाई त्यांच्या ओठांवर वारा घालतायत, आणि आमचे बाबा भिंतीकडं तोंड करून उभे.

काकाच आले. फेटा गुंडाळून काखेत. गावात हे असं पुन्हा लग्न निघाल्याचं त्यांना न कळून कसं चालेल? अंगणात उभे राहिले, बाबांकडं न बघता हळदीकडं बघून बोलले.

"मला उभं केलं म्हून मी उभा राहिलो. मला काय हौस नव्हती. हा घे."

"पिच्चरमध्ये तर लई हौशीनं भेटून राहिला," बाबा हळदीलाच म्हणाले.

"पाहुण्याला काय लाकडावानी भेटू?"

एवढंच. पण इतक्या वर्षांत ते दोघं पहिल्यांदा बोलले. काकांनी फेटा पुढं केला, बाबांनी घेतला, आणि बांधता येईना म्हणून शेवटी काकांनीच त्यांच्या डोक्याला बांधून दिला.

तोवर अर्धं गाव जमलेलं. नुसतं बघायला नाही, कपडे करून. शालू, कोट, लेकरांना पावडर. ज्यांना ज्यांना शूटिंगमध्ये आपण कमी दिसलो असं वाटत होतं ते सगळे आले. जिलेबीवाली काकू म्हणाली, मला एकदा नीट बसून खाताना घ्या. दोघीतिघींनी आहेर पण आणला, रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून. भावानं हळदीवर हिरवं शेडनेट बांधून मांडव केला, स्पीकरवर ते दगा खाल्लेल्या माणसाचं गाणं लावलं, आणि शूटिंग सुरू झालं.

बाबांना कॅमेऱ्यापुढं उभं केलं आणि बाबा खांब झाले. आधारकार्डाच्या फोटोला बसतात तसे, श्वास रोखून. शूटिंगवाला म्हणाला, बाबा, हसा. बाबांनी दात दाखवले. ते बघून एक लेकरू रडायला लागलं. मग तो म्हणाला, बाबा, तुम्ही लग्नात जसे होता तसेच राहा. ही त्याची मोठी चूक झाली. बाबांना एकदम सुटल्यासारखं झालं. त्यांनी बघितलं की लोक जमलेत, ऊन आहे, कोणाला पाणी नाही. त्यांनी बाही सारली आणि निघून गेले. कॅमेरा जागेवर, व्याही हात पसरून जागेवर, आणि बाबा मागं माठापाशी, तांब्या-पेला घेऊन. ओढून आणलं. पुन्हा गेले. ह्या वेळी सतरंजी आणायला. माणसाला दोन पाय आहेत आणि दोन्ही कॅमेऱ्याच्या बाहेर जातात, शूटिंगवाला कपाळ पुसत म्हणाला.

शेवटी आम्ही सगळ्यांनी घेरून त्यांना धरलं आणि भेट झाली. छान झाली. बाबा अगदी मनापासून भेटले. व्याहीही भेटले. आणि सुटे झाले तेव्हा व्याह्यांची अर्धी मिशी बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आलेली आणि उरलेली गालावर. काकू हसता हसता हळदीवर बसली. दुसरा सदरा नव्हता, काजळ संपलं होतं, उन्हं उतरत आली होती. शूटिंगवाल्यानं हात टेकले. म्हणाला, बाबा, आता काहीच करू नका. तुम्ही पुढं, पाहुणे माझ्या कॅमेऱ्यामागं, नुसतं मांडवातून दारापर्यंत चालत जा. मी मागून घेतो, म्हणजे मिशी पण नको आणि सदरा पण नको.

बाबा चालत गेले. शूटिंगवाल्यानं ओसरीवर बसून लॅपटॉपवर जोडाजोड केली, पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला, आणि लोक बघायला बसायच्या आत मोटारसायकलला किक मारली. त्याच वेळी मला कळायला पाहिजे होतं.

दिवेलागणीला सगळे टीव्हीपुढं. बाबा खुर्चीत, फेटा अजून डोक्यावर. काका दारात उंबऱ्याच्या आत एक पाय ठेवून उभे, बसा म्हटलं तरी बसेनात. आम्ही हंस, नारळ सगळं पुढं ढकललं आणि व्याहीभेट लावली. काका व्याह्यांना भेटले, तसेच, पण छातीवर अक्षरं आली नाहीत. मग चित्र बदललं. हिरव्या सावलीतून एक माणूस चालत निघाला. पाठमोरा. गुलाबी फेट्याचा शेमला मागं सोडलेला, डावा खांदा जरा खाली, एक हात मागं कमरेवर. चार पावलं गेला, कोणीतरी येतंय का बघायला थोडा थांबला, मान न वळवता, आणि पुन्हा चालत दारात गेला. सोनेरी अक्षरं फिरत आली आणि पाठीवर बसली. वरपिता. संपलं. तोंड नाहीच. एवढा उपद्व्याप करून बाबांची पाठ.

मेले आता, मी मनात म्हटलं. भावानं रिमोट आईकडं सरकवला, आईनं माझ्याकडं.

बाबा उठून उभे राहिले. "मागं घे," म्हणाले. मी मागं घेतलं. पाठ पुन्हा चालत गेली. "अजून एकदा." पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी ती थांबते तिथं ते म्हणाले, थांबव. मी थांबवलं.

"हा मी न्हाई," बाबा म्हणाले. आईनं कपाळाला हात लावला. तिला वाटलं, आता हे पाठीचं पण सुरू झालं. पण बाबांचा आवाज वेगळाच होता.

"हे दादा हायेत."

दादा म्हणजे त्यांचे वडील, माझे आजोबा. बाबा लहान असतानाच गेले. फोटो काढायची तेव्हा आमच्याकडं कोणाची ऐपत नव्हती, त्यामुळं त्यांचा एकही फोटो कुठंच नाही. ते कसे दिसायचे असं आम्ही लहानपणी विचारायचो तेव्हा बाबा विषय बदलायचे. मला वाटायचं त्यांना दुःख होतं म्हणून.

"तोंड मला आठवत न्हाई," बाबा टीव्हीकडंच बघत म्हणाले. "रोज शेतात जाताना पुढं ते, मागं मी. पाठच पाहिली. मी लई मागं राहिलो की असेच थांबायचे. वळून न्हाई पाहायचे, नुसते थांबायचे."

दारातून काका म्हणाले, "व्हय. हात पण तसाच." आणि त्यांचा दुसरा पाय आत आला.

बाबांनी डोक्यावरचा फेटा काढून खुर्चीवर ठेवला. टीव्हीच्या पुढं गेले आणि स्वतःच्याच थांबलेल्या पाठीला दोन्ही हात जोडले, वाकून. भावाला हसू फुटत होतं, मला दिसलं, मलाही फुटत होतं, कारण स्वतःच्या पाठीच्या पाया पडणारा माणूस कोणी बघितला आहे? आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघायचं टाळलं.

तेवढ्यात मागं बांगड्या वाजल्या म्हणून मी वळले. आई ह्या घरात आली ते आजोबा जाऊन कितीतरी वर्षांनी. सासरा तिनं कधी पाहिलाच नव्हता. ती कूलरपुढून उठून भिंतीला लागून उभी राहिली होती, आणि तिनं डोक्यावर पदर घेतला होता.